उतरल्यावरचा फोटो

"१९६८ साली एका दुःखद कौटुंबिक प्रसंगानंतर सौ. प्रमोदिनी पाटणकर यांनी स्वेच्छेने उड्डाण सोडले."

राजधानी महाराष्ट्र स्नेहमंडळाचे म्हणणे असे होते. ते पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत छापून, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या राज्य अतिथिगृहाच्या सभागृहात, एका मोठ्या केलेल्या कृष्णधवल छायाचित्राखाली लावलेले होते. छायाचित्रात ग्लायडरच्या अरुंद बैठकीत एक तरुणी बसलेली. छातीवरचे पट्टे आवळलेले, केस रुमालात गच्च बांधलेले, नजर कॅमेऱ्याच्या जरा वर, जिथे तिला थोड्याच वेळात जायचे आहे तिथे. प्रदर्शनाचे नाव 'अल्बममधली दिल्ली'. नोकरीनिमित्त राजधानीत येऊन इथलीच झालेली मराठी कुटुंबे, त्यांच्या कपाटांतले फोटो आणि त्यांखाली मंडळाने रचलेल्या ओळी. कुतुबमिनारापुढे डबे उघडून बसलेली मंडळी होती, सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर वाळत घातलेले सांडगे होते, प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात लेझीम खेळणाऱ्या मुली होत्या. त्यांच्या मधोमध इंजिन नसलेल्या विमानात बसलेली ती प्रमोदिनी. आणि तिच्यासमोर, शाल पांघरून उभ्या, सत्तरी ओलांडलेल्या प्रमोदिनीबाई.

त्यांनी ते वाक्य वाचले आणि सवयीने उसवायला घेतले. बाईंचे आयुष्य दिल्लीच्या एका कॉलेजात मध्ययुगीन दख्खनचा इतिहास शिकवण्यात गेले होते, आणि विद्वानांत त्यांचे नाव झाले ते बनावट सनदा पकडण्यामुळे. कोणत्या वतनदाराने कोणत्या पिढीत कोणत्या सुलतानाच्या नावाने कागद करवून घेतला हे त्या शिक्क्यापेक्षा भाषेवरून ओळखत. खऱ्या कागदाला आपण खरे आहोत हे सांगायची घाई नसते, असे त्या विद्यार्थ्यांना सांगत. खोटा कागद कोणी विचारायच्या आत साक्षीदार उभे करतो. इथला साक्षीदार 'स्वेच्छेने' हा होता. ज्याने एखादी गोष्ट खरोखरच आपल्या मनाने सोडली, त्याच्याबद्दल हा शब्द वापरण्याची गरज कोणाला पडत नाही. 'सौ.'कडे त्यांनी काणाडोळा केला, जरी त्याच वर्षी त्यांना डॉक्टरेट मिळाली होती आणि शेजारच्या फलकावर एका होमिओपॅथचा 'डॉ.' शाबूत होता. साल बरोबर होते. उड्डाण सुटले हेही खरे होते. पण 'दुःखद कौटुंबिक प्रसंगा'पाशी बाई अडल्या. त्या वर्षाचे महिने त्यांनी एखाद्या बखरीतली लढाई तपासावी तसे तपासले. सासूबाई त्याच्या कितीतरी आधी गेल्या होत्या. वडील पुढच्या दशकात गेले. श्यामकांतांना बढती मिळाली होती, विनयनगरच्या क्वार्टरला नवा चुना लागला होता, शेजाऱ्यांनी रेडिओग्राम घेतला होता. त्या वर्षी घरात मरण्याजोगे कोणी नव्हते.

मंडळाचा कार्यवाह उल्हास हातात चहाचे कागदी पेले सावरत त्यांच्यापाशी आला. हा त्यांच्या जुन्या मैत्रिणीचा, सुमित्राचा मुलगा. दिल्लीत जन्मलेला, मंत्रालयात अधिकारी, आणि मराठीवर इतके प्रेम करणारा की बोलताना तिला हिंदी आणि इंग्रजी यांच्या आधाराशिवाय पाऊल टाकू देत नसे. "काकू, कसं वाटलं? एकदम प्रोफेशनल ना?" त्यांनी बोट दाखवून विचारले, हा प्रसंग कोणता. उल्हास हसला, मग त्यांचा चेहरा पाहून हसणे तिथेच ठेवून उभा राहिला.

"काकू, ते आईने सांगितलं होतं. मी म्हटलं, यार, डायरेक्ट कसं लिहायचं. म्हणून जरा सॉफ्ट केलं."

"सॉफ्ट करायच्या आधी काय होतं?"

त्याने न वाजलेला फोन खिशातून काढून पाहिला. ते आईलाच विचारा, म्हणाला. मग त्याला आपला कार्यवाहाचा आवाज सापडला. प्रदर्शनाची पुस्तिका सोमवारी छापायला जाणार होती. काकूंना शब्द पसंत नसतील तर त्यांनी दुसरे वाक्य द्यावे, तो ते जसेच्या तसे लावेल. अडुसष्ट साली असे असे झाले आणि काकूंचे उडणे थांबले, बस, एक सेंटेन्स. बाईंनी मान हलवली आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आले की हे एक वाक्य आपल्यापाशी नाही. एक स्पष्टीकरण होते, वर्षानुवर्षे वापरून गुळगुळीत झालेले. पण त्यात दुःखद काही नव्हते आणि कौटुंबिक तर मुळीच नव्हते. सुमित्राला काही माहीत होते, तिच्या मुलाला माहीत होते, आणि ज्या बाईबद्दल ते होते ती हातात गार होणारा पेला घेऊन उभी होती.

सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे यजमान श्यामकांत, करड्या जाकिटात, पाठ अजून ताठ, चार बायकांना समजावून सांगत होते की त्या काळच्या साध्या आग्फा कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा तर सूर्य पाठीशी ठेवावा लागे. छायाचित्रे सगळी त्यांनी काढलेली. बायको आकाशात आणि नवरा खाली कॅमेरा घेऊन उभा, ही गोष्ट दिल्लीतल्या मराठी मंडळींनी दोन पिढ्या कौतुकाने सांगितली होती, आणि कौतुक नवऱ्याचे होते. आपण गाझियाबादजवळच्या वैशालीला सुमित्राकडे जाऊन येतो, तुम्ही कोणाच्या तरी गाडीतून मयूर विहारला घरी जा, असे बाईंनी त्यांना सांगितले. त्यांनी स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून दिला. "घे. तिकडे मोकळं आहे, वारं लागेल."

गाझियाबादच्या बाजूला जाणारी मेट्रो जमिनीखालून वर आली आणि यमुनेच्या पुलावर चढली, तशी बाईंच्या कानांना दडे बसले. हे व्हायचे कारण नव्हते. मेट्रो कितीशी वर चढते. पण उंचीची ओळख शरीराने त्यांना न विचारता परस्पर ठेवली असावी. उजव्या हाताला वीजघराची थंड पडलेली धुराडी दिसली. ती जिवंत असताना त्यांच्यावर ऊन हवेचा एक अदृश्य खांब उभा असे, आणि घारी तो खांब धरून पंख न हलवता गोल गोल वर जात. घारी जिथे, तिथे जायचे, हा सोंधीसाहेबांचा पहिला धडा. हवाई दलातून निवृत्त झालेले सोंधीसाहेब क्लबात शिकवत. शहराच्या दक्षिणेला जुन्या विमानतळाच्या कडेला तो क्लब होता, एक पत्र्याची शेड, एक दोर ओढणारे विंच आणि वेताच्या काही खुर्च्या. सरकारी नोकरांना सवलत आहे हे श्यामकांतांनीच ऑफिसात वाचले आणि एका रविवारी दोघे सायकलरिक्षाने गेले. पहिल्या फेरीत श्यामकांत वर जाऊन आले ते पांढरेफटक होऊन, रुमालाने तोंड पुसत, आणि हसून सोंधींना म्हणाले, मेरी मिसेस को सिखाइए. तो विनोद होता. ती मात्र शिकली. दोर ताणला जाई, जमीन एकदम मागे ओढून घेतल्यासारखी निघून जाई, डोळ्यांपुढे आकाश येई, मग ती खटका ओढून दोर सोडून देई आणि त्यानंतर जे होई त्याला तिने कधी नाव दिले नाही. आवाज म्हणजे फक्त वाऱ्याची बारीक शीळ. सायकली, दुधाच्या चरव्या, हुमायूनच्या कबरीचा घुमट, सेक्रेटरिएटमधल्या ज्या खोलीत श्यामकांतांचे टेबल होते ती खोली, सगळे एकाच मापाचे. त्या उंचीवर ती कोणाची कोणी नव्हती, आणि याचे तिला दुःख होत नसे.

आणि मग ते थांबले. कसे थांबले हे आठवताना बाईंना नेहमी एक खुर्ची आठवे. हिवाळा लागत होता. एका रविवारी सोंधीसाहेब म्हणाले, आज आप आराम कीजिए. पुढच्या रविवारी हवा ठीक नव्हती, पण ती बाकीच्यांसाठी ठीक होती. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी वेताच्या खुर्चीवर स्वतः एक उशी आणून ठेवली आणि तिच्याकडे न बघता निघून गेले. ती त्या उशीवर बसून इतरांची उड्डाणे बघत राहिली, थंडी संपेपर्यंत. विचारले तर सगळे फार मऊ बोलत. क्लबला बाई नको आहे, एवढाच त्याचा अर्थ लागत होता. आधी कौतुक, मग संरक्षण, मग खुर्ची. तिने पुरुषी संस्थांच्या वर्तनाविषयी एक नेटका निष्कर्ष काढला, आणि तो इतका नेटका होता की त्याला पुरावा शोधावा असे तिच्या मनात आले नाही. पुढे परिसंवादांनंतरच्या जेवणांत बाई तो किस्सा सांगत, लोक हसत, एकदा तर एका तरुण प्राध्यापिकेने तो आपल्या निबंधात तळटीप म्हणून वापरला. दुसऱ्यांच्या सनदा फाडणाऱ्या प्रमोदिनीबाईंनी आपल्या आयुष्यातला हा एक कागद मात्र न तपासता दप्तरी लावला होता. मेट्रोत समोर बसलेली मुलगी खिडकीच्या काचेत बघून केस नीट करत होती. बाईंनी दोनदा आवंढा गिळला. दडे सुटले नाहीत.

सुमित्रा दारातच म्हणाली, तू येशील वाटलंच होतं, उल्हासचा फोन आला होता. तिचे यजमान गुणवंतराव जाऊन बरीच वर्षे झाली होती. उंच इमारतीतल्या त्या घरात ती गुडघे, टीव्ही आणि लोकरीचे विणकाम यांच्या सोबतीने राहत होती. चहा झाला, मठरीची बशी पुढे आली, पोरगा वेंधळा आहे, त्याला कितीदा सांगितले की असल्या गोष्टी फलकावर लिहीत नाहीत, असे म्हणून झाले. बाईंनी विचारले, कसल्या गोष्टी. सुमित्राने विणकाम मांडीवर ठेवले आणि अत्यंत हळू आवाजात, कोणी ऐकायला नसताना, सांगितले. तुला दिवस गेले होते ना गं. तरी तू उडत होतीस. मग ते गेलं.

टीव्हीवर आवाज बंद करून ठेवलेली एक बाई तोंड उघडत-मिटत होती. हे तुला कोणी सांगितलं, असे बाईंनी विचारले, आणि आपला आवाज परीक्षेच्या हॉलमध्ये वेळ संपल्याचे सांगताना यायचा तसा आला हे त्यांना जाणवले. कोणी म्हणजे काय, श्यामकांतरावांनीच. ह्यांना सांगितले, क्लबात त्या सोंधीसाहेबांना सांगितले. आधी दिवस गेल्याचे सांगितले, तिसरा महिना लागेपर्यंत बोलू नका म्हणाले. ते तर आपल्यात बोलतच नाहीत. थंडी सरताना गेल्याचे सांगितले. तिच्यापाशी विषय काढू नका, तिला सहन होत नाही, असे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते.

"आणि आम्ही कधी बोललो का तुला? इतक्या वर्षांत, एका शब्दानं? ह्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. एक बाई बोलली नाही गं," सुमित्रा म्हणाली, आणि तिच्या स्वरात अभिमान होता, तो रास्तही होता.

बाईंना मग एकेक आठवत गेले. धक्का न बसता, कपाट आवरताना खणातून वस्तू निघाव्यात तसे. उल्हासच्या बारशाला पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या, बाळ एकीच्या हातून दुसरीच्या हातात पाळण्याखालून जाऊ लागले, तिने हात पुढे केले, तेव्हा सुमित्राच्या आईने ते हात हलकेच बाजूला केले आणि म्हणाल्या, तू बस गं, कॉलेजातून दमून आली असशील. तिला खुर्ची दिली. संक्रांतीला बोरनहाण असले की तिच्याकडे फोटो काढायचे काम येई. डोहाळजेवणाची बोलावणी यायची राहूनच जात. मूल झाले नाही. डॉक्टरांनी कारण सांगितले नाही. आणि तिने या सगळ्याचा अर्थ असा लावला होता की दिल्लीतल्या बायका शिकलेल्या बाईचा मान ठेवतात. चार दशके आपण पांडित्याचा आदर समजून ज्याचा स्वीकार केला ती दया होती. त्याहून वाईट म्हणजे, ती क्षमा होती.

"खरं सांगू? तेव्हा मला तुझा राग आला होता," सुमित्रा म्हणाली. "पोटात असताना कोणी असं उडत फिरतं? पण मी केव्हाच माफ केलं गं तुला."

"सुमित्रा, मला कधीच दिवस गेले नव्हते. एकदाही नाही."

सुमित्राने त्यांचा हात हातात घेऊन थोपटला. बरं बरं, म्हणाली. नको बोलू. आणि बशी पुन्हा पुढे केली. बाईंना त्या क्षणी त्या असत्याची बांधणी स्वच्छ दिसली, आणि अभ्यासकाला वाटते तसले एक कोरडे कौतुकही वाटून गेले. सभ्यतेच्या भिंती, मौनाचे छप्पर. नाकारले तर ते दुःखामुळे. गप्प राहिले तर कबूल. ज्याचे अस्तित्वच नव्हते ते मूल लोकांनी इतकी वर्षे जपले होते, आणि ज्या बाईने त्याला मारले असे ते मानत होते तिला जेवायला बोलावले होते. यावर बाईंच्या शब्दाचा उपयोग नव्हता. या सनदेवर ज्याचा शिक्का होता त्याच्याच तोंडचा शब्द हवा होता, आणि श्यामकांत अठ्ठ्याहत्तरीला आले होते.

त्या घरी परतल्या, मफलर खुंटीला लावला, खिचडी टाकली. श्यामकांतांनी सुमित्राच्या गुडघ्यांची चौकशी केली. राग येईल म्हणून बाई वाट बघत राहिल्या. तो आला नाही. जिभेला भाजल्यावर चव जाते तशी कसली तरी चव गेली होती. कान बंद होते. नवऱ्याचे बोलणे एखाद्या भिंतीपलीकडून येत होते आणि त्याला त्या बरोबर उत्तरे देत होत्या. मीठ बरोबर होते. त्यांनी विचार केला, की हा माणूस मी दुपारी अतिथिगृहात सोडला तोच आहे. त्याच्यात काही बदललेले नाही. बदलले ते फक्त माझ्या मागचे सगळे.

रविवारी सकाळी त्यांनी अल्बम जेवणाच्या टेबलावर मांडले. काळ्या पानांचे, फोटोंचे कोपरे खाचांत अडकवलेले, खाली पांढऱ्या शाईतली श्यामकांतांची नेटकी अक्षरे. दौलताबादचा चढ, कन्याकुमारीची वाळू, शिमल्याच्या गाडीची खिडकी; आणि मग क्लब. बाईंनी क्लबची पाने वेगळी केली आणि कागदपत्रांची लावतात तशी त्यांची लावणी सुरू केली. प्रमोदिनी शेडपाशी. प्रमोदिनी पट्टे बांधताना. प्रमोदिनी आणि सोंधीसाहेब, तिचे बोट वर. ग्लायडर दोरामागे तिरके चढताना. ग्लायडर ढगापाशी, एक ठिपका. ठिपक्यानंतर पुन्हा शेड, पुन्हा पट्टे, दुसरा रविवार. बाईंनी पाने उलटसुलट केली, कारण दप्तरात जे नाही ते दिसायला जे आहे त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ती चढत होती, चढत होती, प्रत्येक पानावर चढत होती. एकाही पानावर ती उतरलेली नव्हती.

उतरल्यावरचा फोटो एकच होता, अल्बमबाहेर सुटा. तो श्यामकांतांनी काढलेला नव्हता. यमुनेपलीकडच्या वीटभट्ट्यांवरची ऊन हवा धरून ती एकदा मुरादनगरपर्यंत गेली आणि तिथे हवा एकाएकी मेली. खाली मोहरी फुललेली होती. तिने ग्लायडर पिवळ्या शेतात उतरवले. पिवळी धूळ उडाली, मग निवली. गाव धावत आले. बायकांनी तिला चिमटा काढून पाहिला, कोणी ताकाचा पेला दिला, शेताच्या मालकाने नुकसानीचे बोलण्याऐवजी पोरांना पंखांपासून लांब हाकलले, आणि गावातला फोटो स्टुडिओवाला तिपाई घेऊन आला. क्लबची गाडी न्यायला येईपर्यंत ती बांधावर बसून होती, तेव्हाचा तो फोटो. त्याने पुढे टपालाने पाठवला होता. बाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला. रुमाल सुटलेला, केसांत मोहरी, ओठ किंचित उघडे. ती हसत नव्हती. ती कोणाकडेच बघत नव्हती. लांबून कोणीतरी आपल्याला हाक मारते आहे, ती ऐकू येते आहे, आणि ओ द्यायची नाही असे ठरले आहे, असा तो चेहरा. बाईंनी आयुष्यात स्वतःचा तो चेहरा दुसरीकडे कुठेही पाहिला नव्हता. आरशात तर नाहीच.

श्यामकांत बाल्कनीत उन्हात खुर्ची टाकून किन्नू सोलत होते. खाली सोसायटीच्या हिरवळीवर क्रिकेट चालले होते आणि कोणीतरी बाद आहे की नाही यावरून हिंदीत भांडण पेटले होते. बाई जाऊन समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी सांगितले, की सुमित्राने काल सगळे सांगितले. श्यामकांतांनी सोललेल्या फोडीवरचे पांढरे धागे काढणे थांबवले नाही. फक्त हात हळू झाले. नाकारायचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर आल्याचे बाईंना दिसले, आणि तो गेल्याचेही दिसले.

"तुला कधीतरी कळेल, हे माहीत होतं," ते म्हणाले. "दर वर्षी वाटायचं, आता काय कळतंय."

काळजीपोटी केलंत का, असे बाईंनी विचारले. त्यांना पळवाट द्यायचीच होती, नाही असे नाही; ग्लायडर पडतात, माणसे मरतात, नवरा घाबरतो, हे एक वाक्य होते आणि ते पुस्तिकेत छापता आले असते. श्यामकांतांनी फोडीतली एक बी काढून बाजूला ठेवली. तसं मी स्वतःला सांगत आलो, म्हणाले. खालचे भांडण मिटले, चेंडू पुन्हा पडू लागला. बाईंनी मग खोट्याबद्दल विचारायचे सोडून दिले. त्या मुलाला आधी अस्तित्व देऊन मग सोयीने संपवताना तुम्हाला काय वाटले, हा प्रश्न त्यांनी रात्रीपासून घडवून ठेवला होता, धारदार होता. तो त्यांनी तसाच ठेवला. त्यांनी दुसरेच विचारले.

"उतरल्यावरचा माझा एकही फोटो तुम्ही काढला नाहीत. का?"

किन्नूची फोड बशीत ठेवली गेली. श्यामकांतांनी बायकोकडे पाहिले, आणि कालपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

"अहो, उल्हासला उद्यापर्यंत वाक्य द्यायचं आहे," बाई म्हणाल्या. "अडुसष्ट साली काय झालं ते. माझ्यापाशी ते नाही. तुम्ही सांगा. मी त्यात एक शब्द घालणार नाही आणि एक काढणार नाही."

ते सांगू लागले तेव्हा त्यांचा आवाज शांत होता, ऑफिसात टिपणी सांगायचे तसा, मधे मधे थांबून, समोरच्याला लिहून घ्यायला वेळ मिळावा म्हणून. बाईंच्या हातात कागद नव्हता. त्याची गरजही नव्हती. श्यामकांतांचे शब्द असे:

"तू खाली यायचीस ना, तेव्हा तुझ्या तोंडावर माझी गरज नसायची. घरी पोचेपर्यंत ती परत यायची, चहा टाकायचीस, बोलायचीस. पण उतरताना नसायची. कॅमेऱ्यातून मला ते फार स्वच्छ दिसायचं. एकदा बटण दाबायला गेलो आणि नाही दाबलं. मग कधीच नाही दाबलं. पुढे वाटायला लागलं, नुसता फोटो न काढून हे थांबणार नाही. म्हणून एका रविवारी तू वर असताना सोंधींना जाऊन सांगितलं, तिला दिवस गेलेत. त्यांनी माझा हात हातात घेतला, अभिनंदन केलं. मला लाज वाटली नाही. भीती नव्हती, काळजी नव्हती, तसलं काही नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी दोनदा भात मागून घेतला. तूच वाढलास."